काचेचा हिशोब वेगळा ठेवा: ग्राहक व्यवहार विभागाला अमळनेरहून खुलं पत्र

मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, आणि रिपेअरेबिलिटी इंडेक्सचं, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी याच्या गुणांचं, काम बघणारे सगळे साहेब आणि मॅडम, यांना सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, जिल्हा जळगाव. 14 वर्षं झाली. सुरुवात चार्जिंग पिन, माईक, रिंगर बदलण्यापासून केली, आता दुकानातलं निम्म्याहून जास्त काम एकच आहे, फुटलेली स्क्रीन. रोज कोणी ना कोणी फोन रुमालात नाहीतर दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणतं, काउंटरवर हळूच ठेवतं आणि विचारतं, भाऊ होईल का? होईल का म्हणतात पण विचारायचं असतं ते किती लागतील. हे पत्र त्या किती लागतीलबद्दल आहे.

2025 च्या कापसाच्या हंगामातली गोष्ट सांगतो. मारवडकडचे एक आबा आले, साठीच्या पुढचे, सोबत नातू. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर त्या हंगामात कपास किसान ॲपवर आधी नोंदणी करावी लागत होती, त्यांनी ती नातवाकडून करून घेतली आणि दोनच दिवसांत फोन मोटरसायकलवरून पडला. काच वरपासून खालपर्यंत तडकलेली, एका कोपऱ्यात पार चुरा, पण त्या तड्यांच्या मागे चित्र एकदम स्वच्छ, एक लाईन नाही, एक काळा डाग नाही, टचसुद्धा चालू. ओटीपी येत होता, वाचता येत होता, फक्त बोट फिरवलं की काच टोचायची म्हणून नातवाने वरून सेलोटेप मारलेला. सर्व्हिस सेंटरला ते आधीच जाऊन आले होते, तिथे 7,400 रुपये सांगितले, आणि फोन दोन वर्षांपूर्वी 15,000 ला घेतलेला. आबा स्टुलावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, काच फुटेल शे, मजारनं समदं दिखस, मंग इतला पैसा कसाना?"

साहेब, इतका नेमका प्रश्न मला 14 वर्षांत कोणी विचारला नव्हता. काच फुटली, आतलं सगळं दिसतंय, मग एवढे पैसे कशाचे? मी त्यांची नुसती काच बदलली, 1,600 रुपये घेतले, अडीच तास लागले, आबा जागचे उठले नाहीत. फोन हातात घेतल्यावर त्यांनी आधी अंगठा स्क्रीनवर फिरवून बघितला, टोचतं का ते. मग ॲप उघडायला लावलं नातवाला, नोंदणी आहे ना बघ म्हणे. ते गेले, पण तो प्रश्न माझ्या डोक्यात तसाच राहिला, आणि मला वाटतं तो तुमच्या टेबलावर यायला पाहिजे, कारण त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे.

फोनची स्क्रीन ही एक वस्तू नाहीये. सगळ्यात वर कव्हर ग्लास, जिला आपलं बोट लागतं. तिच्या खाली ओसीए, म्हणजे पारदर्शक गोंदाची फिल्म, ती मिलिमीटरच्या एक चतुर्थांशाहून जाड क्वचितच असते. तिच्या खाली खरं पॅनल, एलसीडी असेल तर मागून लाईट लागणारं, अमोलेड असेल तर स्वतःच उजेड देणारं, आणि टचचा थर हल्ली बऱ्याच फोनमध्ये त्या पॅनलमध्येच येतो. हे सगळं चिकटून जे एक होतं त्याला आम्ही धंद्यात फोल्डर म्हणतो, कोणी कॉम्बो म्हणतं, तुमच्या कागदावर ती डिस्प्ले असेंब्ली. पूर्वीच्या स्वस्त फोनमध्ये टचची काच वेगळी निघायची, मधे हवेची फट असायची, टच फुटला तर टच बदला, डिस्प्ले जागच्या जागी. मग कंपन्यांनी काच आणि पॅनल गोंदाने एकजीव केलं. त्यात फायदा नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. मधली हवा गेली की उजेड आतल्या आत परत फिरत नाही, उन्हात स्क्रीन नीट दिसते, आणि मे महिन्यात जिथे पारा 44-45 ला टेकतो त्या आमच्या खान्देशात भर दुपारी शेतात उभं राहून फोन वाचणाऱ्या माणसाला हा फरक लगेच कळतो. चिकटवलं ते चांगलंच केलं. पण चिकटवलं म्हणून काच फुटल्यावर पॅनलचे पण पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही.

आता काच वेगळी कशी करतात ते जरा सविस्तर लिहितो, कारण डोळ्याने बघितल्याशिवाय लोकांना वाटतं हा काहीतरी जुगाड आहे, गल्लीतला. आधी फोनवर टेस्ट लावतो, लाल, हिरवा, निळा, पांढरा, आणि बोटाने पूर्ण स्क्रीन घासून टच बघतो. एक जरी लाईन असेल, शाई सांडल्यासारखा डाग असेल, तर पॅनल गेलेलं आहे, तिथे काच बदलून उपयोग नाही, आणि ते तोंडावर सांगावं लागतं. पॅनल जिवंत असेल तर फोन उघडून बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग गरम करून फ्रेममधून फोल्डर सोडवायचा. फुटक्या काचेवर रुंद टेप ताणून लावायचा म्हणजे तुकडे सुटत नाहीत. मग सेपरेटर. तव्यासारखी चपटी प्लेट असते, तिला बारीक भोकं, खालून व्हॅक्यूम पंप फोल्डरला ओढून धरतो, प्लेट 80 अंशांच्या आसपास तापवायची. दोन-तीन मिनिटांत गोंद मऊ पडतो. त्यानंतर तार. मॉलिब्डेनमची, माणसाच्या केसाएवढी बारीक. तिची टोकं दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायची (बोटांना आधी कापडी टेप लावायचा नाहीतर तार मांसात जाते), पॅनलची पट्टी (फोनला जोडणारी चपटी केबल) जिथून निघते त्याच्या लांबच्या कोपऱ्यातून ती घालायची आणि करवतीसारखी इकडून तिकडे सरकवत पुढे आणायची. तार काचेला घासून चालली पाहिजे, पॅनलला लागता कामा नये. गोंदातून जाताना तिचा आवाज नसतो, फुटक्या काचेच्या कडेला अडकली की किर्र होतं. तिथे जोर लावला की एक तर तार तुटते नाहीतर पॅनलमध्ये शिरते, आणि शिरली की खेळ संपला. तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, तार मागे ओढून दुसऱ्या बाजूने यायचं. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, नेमकी तार मधे असताना व्हॅक्यूम बंद पडला की फोल्डर प्लेटवर सरकतो, म्हणून मी या कामात पडलो तेव्हा पहिले पैसे इन्व्हर्टरवर घातले, मशीन नंतर घेतलं.

काच सुटली की लोकांना वाटतं झालं. खरी कटकट पुढे आहे. पॅनलवर जुना गोंद राहतो, तो बोटाने वळ्या करत करत काढायचा, केमिकल जपून वापरायचं कारण पॅनलच्या वर पोलरायझरची नाजूक फिल्म असते, केमिकल तिच्या कडेतून आत गेलं की तिथे कायमचा ढग दिसतो. नंतर धूळ. खान्देशातल्या उन्हाळ्यात धुळीशी भांडणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, पंखा लावला तर धूळ, नाही लावला तर घामाचा थेंब पॅनलवर. मी लाकडाचा एक बंद खोका बनवून घेतलाय, समोर ॲक्रेलिकची काच, दोन बाजूंनी हात घालायला भोकं, त्यात नवीन काच पॅनलवर बसवतो, साच्यात, केसभर इकडे तिकडे झाली तर कॅमेऱ्याचं भोक किंवा सेन्सर झाकला जातो. मग व्हॅक्यूम लॅमिनेटरमध्ये दाबायचं, आणि शेवटी बबल रिमूव्हर, म्हणजे हवेच्या दाबाचा डबा, कुकरसारखा, त्यात वीसेक मिनिटं ठेवलं की उरलेले बुडबुडे विरून जातात. हल्लीचे कडेने वळलेले लवचिक अमोलेड पॅनल तर तारेला दादच देत नाहीत, ते प्लास्टिकच्या पातळ थरावर बनवलेले असतात, तार लागली की गेलेच, त्यांच्यासाठी उणे 100 अंशांच्याही खाली जाणारं फ्रीझर मशीन लागतं, गोंद गोठून ठिसूळ होतो आणि काच उचकटून निघते. ते मशीन माझ्याकडे नाही, अशी कामं मी जळगावला गोलाणी मार्केटमधल्या एका ओळखीच्या मुलाकडे पाठवतो.

हे एवढं सांगायचं कारण, हे काम होतं. रोज होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, सगळीकडे पोरं करतायत. आणि मोठ्या प्रमाणावर पण होतं, त्याचा पुरावा माझ्या दुकानातच येतो. दर महिन्याला एक जण पाठीवर सॅक घेऊन येतो आणि फुटलेले फोल्डर विकत घेतो. फोल्डर कनेक्टरला लावून बघतो, चित्र आलं, टच चालला, की लगेच पैसे मोजतो, अमोलेडचे चांगले, एलसीडीचे कमी. मेलेल्या पॅनलला हात लावत नाही. तो माल पुढे जातो, तिथे काच बदलून पॉलिश होऊन परत बाजारात येतो, मुंबईच्या मनीष मार्केटला, दिल्लीच्या गफ्फार मार्केटला विचाराल तर ओरिजनल म्हणून मिळतो. म्हणजे बघा, ज्या माणसाने नवीन फोल्डरचे सात हजार भरले त्याचा जुना डिस्प्ले जिवंतच होता, तो कोणीतरी विकत घेतला, त्याची काच बदलली आणि दुसऱ्या माणसाला विकला. पहिल्याला यातलं कोणी काही सांगितलं नाही. त्याला वाटलं आपला डिस्प्ले गेला.

आमच्या धंद्यातलीही एक घाण मला इथे लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं पडेल. काही दुकानदार काच फुटलेला अमोलेडचा फोन घेतात, डिस्प्ले गेला म्हणून सांगतात, त्यात स्वस्तातला टीएफटी, म्हणजे साध्या एलसीडीचा, कॉपी फोल्डर बसवून देतात आणि ओरिजनल जिवंत पॅनल स्वतः ठेवून घेतात. गिऱ्हाईक पैसे पण देतो आणि महागाचा पार्ट पण सोडून जातो. घरी गेल्यावर कळतं की रंग फिके झाले, बॅटरी लवकर उतरते, डिस्प्लेखालचं फिंगरप्रिंट चालत नाही. त्याला वाटतं फोनच जुना झाला असेल. माझ्या ओळखीच्या एका नर्सताईंचं असं झालं होतं, त्या वर्षभर तो फोन तसाच वापरत राहिल्या, मी उघडून दाखवल्यावर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, पैशाचं नव्हतं ते, फसवलं गेल्याचं होतं. हे थांबवायचं असेल तर उपदेशाने थांबणार नाही, बिलाने थांबेल. त्याच्याकडे येतोच.

तुमच्या विभागाने जुलै 2022 मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, पोर्टल सुरू केलं. सप्टेंबर 2024 मध्ये अप्पर सचिव भरत खेरा साहेबांच्या अध्यक्षतेखाली मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या रिपेअरेबिलिटी इंडेक्ससाठी दुसरी समिती झाली आणि मे 2025 मध्ये तिचा अहवाल आला. मी त्याबद्दल जे जे मिळालं ते सगळं वाचलंय, कळेल तेवढं, आणि मनापासून सांगतो, आमच्यासारख्यांचं काम सरकार दरबारी कोणी तरी मोजायला घेतलं याचा मला फार आनंद झाला. फोन विकतानाच त्यावर लिहिलेलं असेल की हा दुरुस्तीला किती सोपा, पार्ट काढायला किती खटाटोप, पार्ट किती दिवसांत मिळतो, माहिती उघड आहे का, साधे स्क्रू आहेत का कंपनीचेच वेगळे, हे सगळं धरून गुण मिळतील, ही कल्पना एकदम बरोबर आहे. फ्रान्सने 2021 पासून 10 पैकी गुण द्यायला सुरुवात केलीच होती, आपण उशिरा का होईना करतोय.

पण त्यात जे महत्त्वाचे पार्ट धरलेत, बॅटरी, डिस्प्ले असेंब्ली, मागचं कव्हर, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट, बटणं, माईक, स्पीकर, त्यात काच कुठे आहे? काच डिस्प्ले असेंब्लीच्या पोटात आहे. आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की तिला पोटातून बाहेर काढा. कव्हर ग्लास हा वेगळा पार्ट धरा.

का ते सांगतो. समजा एका कंपनीने फोन असा बनवला की चार स्क्रू काढले की अख्खा फोल्डर हातात. त्याला डिस्प्लेच्या खात्यात भरपूर गुण मिळतील. पण त्या फोल्डरमध्ये काच अशी चिकटवली असेल की ती कोणालाच काढता येणार नाही, तर आबांसारख्या माणसाला त्या गुणांचा काय उपयोग, त्याला परत सात हजारच मोजायचेत. फोन पडला तर सगळ्यात आधी मार बसतो काचेला, ती सगळ्यात वर आहे, तिचं कामच मार खाण्याचं आहे. जो पार्ट सगळ्यात जास्त फुटतो तोच यादीत नाही. आणि एकदा यादीत नसला की कंपनीला तो विकायची गरज नाही, त्याची किंमत सांगायची गरज नाही, बिलावर लिहायची गरज नाही. मोटरसायकलचा आरसा फुटला तर कोणी हँडल बदलायला सांगतं का?

युरोपात 20 जून 2025 पासून नवा नियम लागू झालाय, फोनचं मॉडेल बाजारात येणं बंद झाल्यावरही 7 वर्षं पार्ट पुरवावे लागतात. मोठी गोष्ट आहे. पण तिथेही यादीत डिस्प्ले असेंब्लीच आहे, काच वेगळी नाही. म्हणून कोणी म्हणेल की युरोपने नाही केलं तर आपण कशाला. मी उलट म्हणतो. तिकडे पगाराच्या मानाने फोल्डरची किंमत सोसते, माणसाच्या तासाची मजुरी महाग, त्यामुळे त्यांना अख्खा फोल्डर बदलणं परवडत असेल. आपल्याकडे गणित उलटं आहे. इथे पार्ट महाग आणि हात स्वस्त. दोन-अडीच तास बसून काच सोडवणारा माणूस तालुक्याच्या गावी बसलाय आणि ज्याच्या खिशात सात हजार नाहीत तो गिऱ्हाईक पण तिथेच आहे. युरोपला जमलं नाही ते आपल्याला जमण्यासारखं आहे कारण हे हाताचं काम आपल्याकडे आधीच चालू आहे.

कंपन्या काय म्हणतील ते मला माहीत आहे कारण गिऱ्हाईकांना काउंटरवर तेच सांगतात. काच वेगळी केली की पॅनल खराब होतं, पाणी अडवणारं सील तुटतं, आम्ही वॉरंटी देऊ शकत नाही. यातलं पहिलं कधी कधी खरं आहे, आणि मी ते लपवणार नाही. 2017 साली पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाचा अमोलेड फोन माझ्याकडे आला, तेव्हा मला तारेचं काम शिकून वर्षही झालं नव्हतं. शेवटच्या बोटभर अंतरावर तार अडकली आणि मी ओढली. आधी एक हिरवी लाईन आली, मी बघत होतो तोवर ती जाड झाली, मग अर्धी स्क्रीन काळी. त्या मुलाचे धावण्याचे सगळे टायमिंग, क्लासच्या नोट्स, फॉर्म भरल्याच्या पावत्या त्या फोनमध्ये. डेटा वाचला, पण नवीन फोल्डर मी माझ्या पैशाने बसवून दिला आणि त्या महिन्यात घरखर्चाला वडिलांकडून पैसे घेतले. तेव्हापासून कोणाचाही फोन प्लेटवर ठेवण्याआधी मी सांगतो की यात धोका आहे, तार चुकली तर डिस्प्ले जाईल, त्याचं काय करायचं ते आधी ठरवू, आणि तसं चिठ्ठीवर लिहून सही घेतो. सीलचं पण खरं आहे, काच बदलल्यावर फोन पहिल्यासारखा वॉटरप्रूफ राहील असं मी कोणाला सांगत नाही. पण सील तर अख्खा फोल्डर बदलताना पण तुटतंच, तिथे कंपनी नवीन सील लावते. म्हणजे सील मिळालं तर प्रश्न सुटतो. मिळतच नाही हा प्रश्न आहे.

आणि पॅनल खराब होतं म्हणता, तर त्यातला निम्मा धोका कंपनीच कमी करू शकते. मला आज एखादा नवीन मॉडेलचा फोन आला तर त्यातलं पॅनल कडक काचेवरचं आहे का लवचिक, ओसीए किती जाड, किती अंशांवर सुटतो, पट्टी कुठल्या बाजूला, हे मला कोण सांगतं? कोणीच नाही. मी युट्युबवर बघतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो, आणि शेवटी कोणाच्या तरी फोनवर शिकतो. कोणाच्या तरी म्हणजे एखाद्या गिऱ्हाईकाच्या. ही चार वाक्यांची माहिती कंपनीकडे पहिल्या दिवसापासून असते. तुमच्या इंडेक्समध्ये दुरुस्तीची माहिती उघड करण्याला गुण आहेत, तर त्यात ही चार वाक्यं घालायला लावा.

काचेच्या दर्जाचंही तेच. मी जी काच लावतो ती बाजारातली, ओसीए लावून येते, दिसायला तशीच. पण ती कंपनीच्या काचेसारखी मजबूत असेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गोरिला ग्लाससारखी काच मजबूत का असते तर ती वितळलेल्या क्षारांच्या 400 अंशांच्या आसपासच्या बाथमध्ये बुडवतात, काचेतले लहान सोडियमचे कण बाहेर येतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे कण घट्ट बसतात, त्यामुळे काचेचा वरचा थर सगळीकडून आवळलेला राहतो आणि तडा सहज पसरत नाही. बाजारातल्या काचेवर असं काही केलंय का, केलं तर किती, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. वरचं तेल न धरणारं कोटिंग तर बऱ्याच काचांचं दोन-चार महिन्यांत जातं, मग बोटांचे ठसे दिसायला लागतात आणि गिऱ्हाईक मला बोल लावतो, त्याचंही बरोबर आहे. कंपनीने स्वतःची ओसीए लावलेली काच, सील आणि साचा मिळून एक किट विकलं तर मी उद्यापासून बाजारातली काच घेणं बंद करतो, दोन पैसे जास्त देऊन. माझ्यासारखे हजार दुकानदार घेतील.

अजून एक गोष्ट आयफोनवाल्यांमुळे माझ्या लक्षात आली. आयफोन 11 पासून दुसरा डिस्प्ले टाकला की फोन मेसेज दाखवतो की डिस्प्ले ओरिजनल असल्याची खात्री करता येत नाही. 2021 मध्ये आयफोन 13 ला तर बाहेर डिस्प्ले बदलला की फेस आयडीच बंद पडायचं, जगभर ओरड झाली तेव्हा ॲपलने अपडेट देऊन ते सोडवलं. आता यात बघा, नुसती काच बदलली तर पॅनल तेच राहतं, त्याची चिप तीच, फोनला फरकच कळत नाही, रंग तेच, टच तोच. गिऱ्हाईकाचा स्वतःचा कंपनीचा डिस्प्ले त्याच्याकडेच राहतो. ओरिजनल ओरिजनल म्हणून जे आपण इतकं जपतो ते जपायचा सगळ्यात सरळ रस्ता हाच आहे, आणि तोच बिलावर येत नाही.

तर बिल. मला वाटतं नियम करायला सगळ्यात सोपी गोष्ट ही आहे. सर्व्हिस सेंटर असो नाहीतर माझ्यासारखं दुकान, फुटलेला फोन घेतला की आधी तपासून कागदावर लिहून द्यायचं, पॅनल चालू आहे की बंद, टच चालू आहे की बंद. मग काचेचा भाव वेगळा, पॅनलचा वेगळा, मजुरी वेगळी. आणि जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात परत, त्याला नको असेल तर त्याने तसं सांगून सोडावा आणि त्याची जी किंमत असेल ती बिलातून कमी व्हावी. टीएफटी टाकायची वेळ आली तर टीएफटी असं लिहायचं. एवढं झालं की मघाशी सांगितलेली आमच्या धंद्यातली लबाडी पण बंद होईल आणि काउंटरवरचं "पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल" हे वाक्य बोलायच्या आधी माणूस दोनदा विचार करेल. आम्हाला पण हा नियम लावा, मी तर माझ्या दुकानात सुरू पण केलाय, छापील पावतीवर तीन रकाने करून घेतले.

कचऱ्याचं थोडक्यात. 2022 चे ई-कचऱ्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, कंपन्यांवर जुना माल गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी आहे. चांगलं आहे. पण चालू पॅनल चुरा करून रिसायकल करण्यापेक्षा ते त्याच फोनमध्ये अजून तीन वर्षं चाललेलं काय वाईट? त्या पॅनलच्या पारदर्शक थरात इंडियमसारखा धातू असतो, तो काही शेतात पिकत नाही.

शिकवण्याचं मात्र नीट लिहितो कारण पोरं मला रोज विचारतात. आयटीआयमध्ये स्मार्टफोन टेक्निशियन कम ॲप टेस्टर नावाचा सहा महिन्यांचा ट्रेड आहे. ते खातं तुमचं नाही हे मला माहीत आहे, पण तुमच्या शब्दाला वजन आहे, तुम्ही कौशल्य विकास मंत्रालयाला एक पत्र लिहिलं तर ते वाचलं जाईल, माझं कदाचित नाही. त्या ट्रेडमध्ये सेपरेटर, लॅमिनेटर आणि बबल रिमूव्हरवर हात बसेल इतके तास द्या, आणि भंगारातले मेलेले फोल्डर कापायला द्या, भरपूर. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी पहिले दोन महिने गिऱ्हाईकाच्या फोनला हात लावू देत नाही, फक्त मेलेले फोल्डर कापायचे, रोज पाच. सध्या एक मुलगी शिकतेय, पारोळ्याची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तार कुठे थांबवायची ते तिला सांगावं लागत नाही. अशा मुलांना सर्टिफिकेट असेल तर गिऱ्हाईक विश्वासाने फोन देईल, आणि बाहेर शिकलेला माणूसच नाही असं सांगून कंपनीला पण पार्ट द्यायला नाही म्हणता येणार नाही.

मी हेच पत्र राईट टू रिपेअरच्या पोर्टलवर पण टाकतोय आणि स्पीड पोस्टाने पण पाठवतोय. तुमच्यापैकी कोणी खान्देशात आलं तर दुकानात या, स्टेशनवरून पायी येता येतं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या वेळी आलात तर अजून चांगलं, गर्दीत पडलेले फोन त्या आठवड्यात इतके येतात की रात्री अकरापर्यंत मशीन गार होत नाही. शेजारी बसून एक काच पूर्ण निघेपर्यंत बघा, आणि तार हातात घेऊन बघा.

आत्ता हे लिहिताना बबल रिमूव्हरमध्ये एक फोन आहे, शिरपूरच्या एका मुलीचा, अजून बारा मिनिटं आहेत. बाहेर तिचे वडील थांबलेत, त्यांना साडेपाचची बस गाठायची आहे.

आपला,
एक मोबाईल रिपेअरिंगवाला
अमळनेर, जि. जळगाव